मधला छर्रा

दुसरा रॉड बाहेर आला आणि मधला छर्रा आलाच नाही. मिस्त्री वाट बघत राहिला. गिअरबॉक्सच्या त्या पोकळ शाफ्टच्या तोंडाशी तळवा लावून, नळाला पाणी येईल म्हणून बादली धरून बसावं तसा. कधी कधी ग्रीस सुकून जातं आणि छर्रा आतच चिकटून बसतो, तार घालून ढकलला की मुकाट्यानं येतो. त्यानं तार घातली. तार या बाजूनं गेली आणि त्या बाजूनं सरळ बाहेर पडली. मग चुंबक लावलेली सळई घातली, तीही रिकामी परत आली. ‘नाहीचये,’ तो पुटपुटला, आणि हे आपण बोललो हे कळल्यावर त्याच्या कानामागं गरम झालं. दोन्ही रॉड त्यानं चिंधीनं पुसून दाराच्या उजेडात धरले. जिथं ते एकमेकांना भेटत होते ती टोकं निळी पडली होती, कडा बाहेर वळल्या होत्या. हँडलवरचा क्लचचा लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, केबलीनं एक रॉड सरकतो, तो छर्ऱ्याला ढकलतो, छर्रा दुसऱ्या रॉडला, आणि मग क्लचच्या प्लेटा सुट्या होतात. इतका सरळ कारभार. मधे छर्रा नसला तर एक रॉड फिरतो, दुसरा फिरत नाही, दोघं नुसते घासत बसतात, तापतात, झिजतात आणि दिवसेंदिवस आखूड होत जातात. मग लिव्हर मुठीत पूर्ण दाबला तरी प्लेटा सुटत नाहीत, चाक इंजिनाला जोडलेलंच राहतं. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ही मोटरसायकल शेवटची कुणी उघडली होती, हेही कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानंच उघडली होती. तेव्हापासून एक अपघात सोडला तर तिच्या आयुष्यात काही घडलेलं नव्हतं. एकोणीस वर्षं ती दादाच्या बिल्डिंगखाली ताडपत्रीत उभी होती.

“काका, काय झालं?” पुतणीनं विचारलं. दादाची एकुलती एक मुलगी. समोरच्या उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून ती मघापासून बघत होती. चोवीस वर्षांची, नवी नोकरी लागलेली, आणि नोकरीची जागा अशी गावाबाहेर की दोन बस बदलून जावं लागे. म्हणून तिनं बापाची गाडी बाहेर काढली होती. काढली म्हणजे काय, स्वतः पेट्रोलची टाकी धुतली, नवी बॅटरी घातली, कुठल्याशा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्या मॉडेलचं मॅन्युअल मिळवलं, ते परीक्षेला बसल्यासारखं वाचलं आणि चार दिवसांपूर्वी गाडी ढकलत त्याच्या दारात आणून उभी केली. बाप नको म्हणत होता तरी. “बाबा म्हणतात, आपल्या घरात कुणी गाडीला हात लावायचा नाही. आपला हात जड आहे म्हणे. रक्तातच आहे म्हणे.” हे तिनं नक्कल करून सांगितलं होतं आणि तो हसला होता. चांगला खो खो हसला होता, चार दिवसांपूर्वी, याच जागी उभा राहून. ते हसणं आता त्याला स्वच्छ ऐकू आलं आणि त्यानं पटकन खाली बघून रॉड पुन्हा पुसायला घेतले, जसे काही ते पुसून झालेच नव्हते.

त्याच्या गॅरेजमध्ये एक पाटी होती, ‘तक्रार सांगू नये. गाडी ठेवून जावे.’ लोकांना ती फार आवडायची. नवं गिऱ्हाईक आलं की जुनं गिऱ्हाईकच त्याला दटावायचं, अहो गप्प बसा, मिस्त्री चिडतात. गाडीला जे सांगायचंय ते गाडी सांगेल, माणसं मधे बडबड करतात, असं त्याचं म्हणणं. क्लचची तक्रार आली की तो गाडीच्या आधी माणसाचा डावा हात बघायचा. हात दाखवा, म्हणायचा, ज्योतिष्यासारखा. चालवताना दोन बोटं लिव्हरवर ठेवायची सवय असली की क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो, प्लेटा घसरतात, जळतात. दहातल्या सात वेळा दोष हाताचाच निघायचा. आणि गिअरबॉक्स गेला म्हणून रडत येणाऱ्या दहांतल्या नवांचा गिअरबॉक्स ठणठणीत असायचा, खोट क्लचमध्ये असायची. पुतणीला मात्र त्यानं सवलत दिली होती. तू बोल, तू घरची आहेस. मग ती बोलली होती. पहिला गिअर टाकला की धाडकन आवाज येतो. लिव्हर पूर्ण दाबलेला असतो तरी गाडी पुढं सरकते. थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही, पाय दुखेपर्यंत शोधावा लागतो. तिनं हे तीन वाक्यांत सांगितलं होतं. ही तीन वाक्यं आपण आधी ऐकली आहेत, याच क्रमानं, असं वाटलं आणि गेलं. जुन्या गाड्या सगळ्या असंच रडतात, म्हणून त्यानं ते जाऊ दिलं.

मग त्यानं तिला शिकवायला घेतलं, मोठ्या उत्साहानं. गाडी स्टँडवर चढवली, इंजिन बंद. मागचं चाक हातानं हळू फिरवत एकेक गिअर टाकून दाखवला, चारही गपचूप बसले. “बघ, गिअरबॉक्स बिचारा निर्दोष आहे. त्याला उगाच कोर्टात उभा करू नको.” मग इंजिन चालू करून, पहिला टाकून, लिव्हर दाबून धरला, चाक थांबायला हवं होतं, ते फिरतच राहिलं. “म्हणजे क्लच सुटत नाही. का सुटत नाही? स्वस्तापासून महागाकडे जायचं.” केबल बघितली, लिव्हरला किती ढील आहे ते वरवर बघितलं, तेल बघितलं. झाकण उघडून प्लेटा काढल्या, इतकी वर्षं उभ्या गाडीच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात म्हणून सोडवल्या, काचेवर ठेवून वाकल्यात का ते बघितलं. सरळ होत्या. स्प्रिंगांची उंची सारखी होती. हे सगळं तीन दिवस संध्याकाळी थोडं थोडं. आणि आज सकाळी, ती कामाला जायच्या आधी, राहिलेले रॉड. ते तर त्यानं नुसते शिस्त म्हणून काढले होते.

“पुस्तकात दोन रॉड आणि मधे एक छर्रा दाखवलाय,” पुतणी मॅन्युअल मांडीवर उघडून म्हणाली. “छर्रा कुठाय?”

“झिजला असेल.”

“पूर्ण? पोलादाचा ना तो?”

त्यानं बाकावरचा पाना उचलला, जिथं होता तिथंच परत ठेवला. पोरगी हुशार होती, बापावर गेली होती. बापही असंच बोट ठेवून विचारायचा.

“आधी कुणी उघडली होती ही?”

“काय माहीत. आठवत नाही,” तो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पुतणीनं घड्याळ बघितलं, अरे बापरे म्हणाली, पुस्तक पिशवीत कोंबलं आणि संध्याकाळी येते म्हणत बस पकडायला पळाली. तो दारात उभा राहून तिच्या पाठीकडे बघत राहिला. आपण एका पोरीशी खोटं बोललो, आणि तेही जिच्या बापाशी आपण आधीच, असं त्याच्या मनात आलं आणि पुढचं वाक्य त्यानं मनातसुद्धा पुरं केलं नाही. समोरच्या चष्म्यांच्या दुकानातून चष्मेवाल्यानं हात केला. यानंही केला, ग्रीसचा.

खरं म्हणजे विसरणं हा काही गुन्हा नाही. कोण विसरत नाही? तेव्हा गॅरेज उघडून पुरता महिनाही झाला नव्हता. उस्तादाकडून सुटून आलेला, अंगात मस्ती, आणि पहिली मोठी गाडी दादाची. दादानं मुद्दाम दिली होती, सगळ्यांसमोर, की माझी गाडी माझा भाऊच करणार. क्लचच्या प्लेटा बदलायच्या म्हणून त्यानं सगळं उघडलं होतं. रॉड ओढताना ग्रीसबरोबर छर्रा आला असणार आणि केरोसीनच्या ताटलीत, नाहीतर फरशीवर, टुण्णकन गेला असणार. असणार कशाला, गेलाच होता. कारण दुसऱ्या दिवशी झाडताना त्याला बाकाखाली एक छर्रा सापडला होता. चांगला आठवतो. चकचकीत, वाटाण्याएवढा. सायकलच्या कुठल्यातरी बेअरिंगचा असेल म्हणून त्यानं तो खिळे-नटांच्या डब्यात टाकला होता. सायकल तर त्याच्या गॅरेजमध्ये एकही येत नव्हती. तेव्हा हा विचार त्याला शिवलाही नव्हता, आणि शिवला असता तरी त्यानं दादाची गाडी परत मागितली असती की नाही कुणास ठाऊक. मागायला जायचं म्हणजे काय सांगून मागायची? छर्ऱ्याची उणीव त्यानं नकळत भरून काढली होती. लिव्हरला ताण येईना म्हणून ढील काढणारा ॲडजस्टिंग स्क्रू आत, आणखी आत फिरवत नेला होता. चालली होती गाडी. आठ महिने चालली. दादा अधूनमधून म्हणायचा, अरे, पहिला टाकताना आवाज करते बघ. तापली की जरा सरकते. न्यूट्रल सापडत नाही. आणि हा म्हणायचा, दादा, तुझा हात दाखव.

दादाचा हात. ड्राफ्ट्समन होता दादा; आयुष्यभर ट्रेसिंग पेपरवर बारीक निबाच्या पेनानं रेघा ओढलेला माणूस. त्याच्या ऑफिसात म्हणत की याच्या दोन रेघांमधलं अंतर मोजायला पट्टी कमी पडते. लहानपणी दोघं एका खोलीत अभ्यास करायचे तेव्हा दादा याच्या वहीला समास मारून द्यायचा, पट्टीशिवाय, आणि हा पट्टी लावून तपासायचा, चूक सापडावी म्हणून. कधीच सापडली नाही. त्याचा राग यायचा का? यायचा. उघड कबूल करायची ही गोष्ट नाही, पण यायचा. चिडवायला काहीतरी हवं होतं आणि दादात काही मिळतच नसे.

अपघाताचं सगळं पाच सेकंदांचं होतं. चौकात सिग्नलला दादा थांबला होता, मागं वहिनी. दुपारची गर्दी ओलांडून आलेली गाडी चांगलीच तापलेली. सिग्नल सुटायच्या बेतात दादानं लिव्हर दाबला, पहिला टाकला, आणि गाडीनं उडी मारली. समोरून आडवा टेंपो जात होता. दादाला खरचटलं. वहिनीचा उजवा पाय गाडी आणि टेंपो यांच्या मधे सापडला. तीन ऑपरेशनं झाली, पाय राहिला, पण गुडघ्यात वाकायचा तो कायमचा थांबला. गाडी लोकांनी ढकलत त्याच्या गॅरेजमध्ये आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती बघितली. गार, दव पडलेली. लिव्हर दाबला, ठीक. आणि मग तो खाली वाकला आणि त्याला तो स्क्रू दिसला, पार आत गेलेला, बाहेर जेमतेम एक आटा शिल्लक. आज एखाद्या शिकाऊ माणसालाही तो म्हणाला असता, बाबा रे, स्क्रू इतका आत का गेला ते आधी शोध, आत काहीतरी कमी आहे. त्यालाही तेव्हा ते कळत होतं. हीच ती जागा, जिथं त्याचा विचार एकोणीस वर्षं येऊन वळून जायचा, दारात पाहुणा दिसला की मागच्या दारानं निघून जावं तसा. त्यानं स्क्रू बघितला. पुरता बघितला. आणि पान्यानं आणखी अर्धा फेरा आत दिला. मग गल्लीत एक चक्कर मारली, गार इंजिनावर गाडी नीट चालली, आणि तो हात धुऊन हॉस्पिटलमध्ये गेला.

तिथल्या कॉरिडॉरमध्ये वहिनीचे दोन भाऊ उभे होते. दादा बाकावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. थोरल्यानं सरळ विचारलं, तुम्ही मिस्त्री आहात, तुम्हीच सांगा, गाडीत खोट होती की माणसात? दादानं मान वर केली आणि म्हणाला, “मी क्लच दाबलेला होता. पूर्ण दाबलेला होता. आधी माझं ऐक.” आणि तो दादाकडे न बघता म्हणाला, “गाडी मी तपासली. गाडीत काही नाही. हात सुटला असेल. घाबरल्यावर सगळ्यांनाच वाटतं की आपण दाबला होता.” हे शेवटचं वाक्य तर त्यानं जाणत्या आवाजात, जरा समजूत काढल्यासारखं म्हटलं होतं. ते आठवून आता, भर सकाळी, उघड्या दाराच्या गॅरेजात त्यानं तोंडावर हात घेतला आणि हाताचं ग्रीस तोंडाला लागलं. लाज वाटणं म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे असं त्याला वाटत होतं. उधारीची लाज, पडल्याची लाज, कुणी ओरडल्याची लाज. ही तशी नव्हती. ही आपल्याच अंगाला वास यावा तशी होती, आणि कुठं जाऊन धुवावी ते कळत नव्हतं.

त्यात वहिनीनं माफ केलं. हे सगळ्यांत मोठं. प्लॅस्टर ओलं होतं, दोन्हीकडची माणसं खाटेभोवती उभी होती, भाऊ फणफणत होते, आणि ती म्हणाली, “त्यांनी काय मुद्दाम केलं? माझी काही तक्रार नाही. मी माफ केलं, आता हा विषय बंद.” लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. याच्याही आलं. आणि खरोखर, तिनं विषय बंद ठेवला. एकोणीस वर्षांत एकदा टोमणा नाही, एकदा कुरकुर नाही. नात्यात बायका लेकींना तिचं उदाहरण द्यायच्या. दादा मात्र त्या दिवसापासून हळूहळू वेगळाच माणूस झाला. पूर्वी तो तावातावानं भांडायचा, वहिनीशी, शेजाऱ्यांशी, पेपरातल्या बातम्यांशी. ते थांबलं. ज्याला माफ करून ठेवलंय त्यानं भांडायचं कोणत्या तोंडानं? भाजी कुठली, पडदे कोणते, पोरीची शाळा कोणती, सगळ्याला तुझं बरोबर आहे. गॅसचा खटका चारदा बघायचा. कुलूप लावून जिन्यावरून परत यायचा. ऑफिसात एक रेघ ओढली की भिंगातून तपासायचा, मग पुसायचा. शेवटी साहेबांनी त्याला नकाशांच्या कपाटांवर बसवलं आणि तिथूनच तो रिटायर झाला. आणि हा, धाकटा भाऊ, दिवाळखोरासारखा तोंड लपवायचं सोडून, जेवायला जायचा, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा आणि चेष्टेत म्हणायचा, दादा, चार-चारदा काय बघतोस, हात जड असला तरी डोळे तर ठीक आहेत ना.

त्यानं नवा छर्रा आणला. कोपऱ्यावरच्या बेअरिंगच्या दुकानात चिमटीत धरून मापाला लावून घेतला. रॉडही नवे बसवले. मधे छर्रा सरकवला. स्क्रू ॲडजस्ट केला. यावेळी तो जिथं थांबायला हवा तिथंच थांबला. गाडी चालू करून त्यानं ती चांगली अर्धा तास तापू दिली, मग लिव्हर दाबला. मऊ. पहिला गिअर आवाजाशिवाय बसला. मागचं चाक जागच्या जागी गप्प. पायाच्या अंगठ्यानं गिअर जरा उचलला तर न्यूट्रल. क्षणभर त्याला सुरेख वाटलं, काम जमल्यावर वाटतं तसं. लगेच त्या सुरेख वाटण्याचीच शरम वाटली. इतकंच होतं हे. एवढ्याशा कामाला एकोणीस वर्षं लागली. त्यानं शटर अर्धं ओढलं, चष्मेवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि गाडी घेऊन दादाकडे निघाला. वाटेत प्रत्येक सिग्नलला ती निमूट थांबत होती, आणि प्रत्येक सिग्नलला त्याला मागं कुणीतरी बसलंय असं वाटत होतं. मनात तो वाक्यं जुळवत होता. दादा, एक चूक झाली. दादा, माझ्याकडून एक राहून गेलं होतं. राहून गेलं हे बरं होतं. त्यात स्क्रू येत नव्हता.

दादा तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसला होता, मांडीवर पाट, पाटावर पेपरातलं शब्दकोडं, पेन्सिलीनं चौकोनी अक्षरं. वहिनीनं दार उघडलं. “या भावोजी, आज कामाच्या वेळी वाट चुकलात की काय? तोंडाला काळं लागलंय तुमच्या, आरशात तरी बघायचं.” ती हसत, पाय ओढत चहा टाकायला गेली. तिचं ते चालणं त्यानं शेकडो वेळा बघितलं होतं. आज त्यानं मान फिरवली.

“दादा,” तो गॅलरीत स्टुलावर बसत म्हणाला, “त्या दिवशी तुझा हात सुटला नव्हता. क्लचच सुटत नव्हता.”

दादानं पेन्सिल खाली ठेवली नाही. “कोणत्या दिवशी,” असंही विचारलं नाही.

“आत दोन रॉड असतात. मधे एक छर्रा असतो. तो मी बसवायला विसरलो होतो.”

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

“केवढा असतो?” दादानं विचारलं.

“पाव इंच.”

दादानं पेपराच्या समासात एक वर्तुळ काढलं. पट्टी नाही, कंपास नाही. “एवढा?”

“एवढाच.”

दादा त्या वर्तुळाकडे बघत राहिला. मग अगदी हळू, कोड्यातला शब्द विचारावा तसं त्यानं विचारलं, “तुला तेव्हा कळलं होतं?”

वाटेत जुळवलेलं सगळं इथं संपलं. नाही म्हणणं फार सोपं होतं. दादानं विश्वास ठेवला असता, तो नेहमीच ठेवायचा. “स्क्रू दिसला होता मला,” तो म्हणाला. “शंका आली होती. उघडून बघायला हवं होतं. मी भ्यालो. गॅरेज नवं होतं.” दादा आता ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडावं, थोबाडीत द्यावी, खरं तर त्यासाठीच तो आला होता.

दादा ओरडला नाही. त्यानं आत स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. “तिला सांगू नकोस.”

“का? तिला तर सगळ्यांत आधी...”

“ऐक माझं. तिचा पाय गेला. नाचायची ती लग्नाआधी, तुला माहीत नाही. तिच्याजवळ काय राहिलं? आपण माफ केलं, हे राहिलं. त्यावर ती उभी आहे. तू आज ते काढून घेशील आणि घरी जाशील. मी काय देऊ तिला त्याच्या जागी?”

“पण तू, दादा?”

“मला कळलं ना. पुरे झालं.” मग जरा थांबून म्हणाला, “आणि बाहेरही बोलू नकोस कुठं. तुझा धंदा आहे.”

या शेवटच्या वाक्यानं त्याला उभं कापलं. दादा अजूनही त्याच्या वहीला समास मारत होता. तो मान खाली घालून बसला आणि गप्प बसायचं त्यानं ठरवलं, अगदी मनापासून ठरवलं. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली, कठड्याला टेकली, खाली वाकून बघितलं. “अगंबाई, गाडी झाली वाटतं. मग आता तुम्हीच समजावा यांना, भावोजी. पोरगी हट्ट करतेय तर चालवू दे म्हणावं. एकदा माणसाचा हात चुकतो, म्हणून काय जन्मभर धरून बसायचं? मी धरलं का कधी?” ती हे मायेनं बोलली. आणि दादानं मान खाली घातली. सवयीची मान. ऐकून घ्यायची, आभारी असल्यासारखी, नेमकी तेवढीच वाकवायची. एकोणीस वर्षांत या मानेला त्या कोनाचं वळण पडलं होतं, आणि खरं काय ते कळून पाच मिनिटंही झाली नव्हती तरी ती आपसूक तशीच वाकली. ते त्याला बघवलं नाही.

“वहिनी, दादाचा हात चुकला नव्हता,” तो म्हणाला. “चूक माझी होती. गाडीतला एक भाग मी घालायला विसरलो होतो, आणि नंतर कळूनही लपवलं. त्यानं क्लच दाबलेलाच होता.”

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं, मग दादाकडे. हातातला कप तिनं कठड्यावर ठेवला, तो नीट बसलाय ना हे बघितलं. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखा होता.

“मग मी माफ कुणाला केलं?” ती म्हणाली.

मग ती वळली.

“तुम्ही मला सांगितलं का नाही?” हे दादाला.

“सांगत होतो,” दादा म्हणाला. “हॉस्पिटलात. दोनदा सांगितलं. तू म्हणालीस, राहू दे, मी माफ केलंय.”

ती तिथंच, वाकत नसलेला पाय पुढं टाकून, खुर्चीच्या कडेवर बसली. तिनं दादाच्या हाताकडे बघितलं, पेन्सिल धरलेल्या, पण तो हात हातात घ्यावा की नाही हे तिला ठरवता येईना. घेतला असता तर तो कशासाठी घेतला असता? ती आपले दोन्ही हात मांडीत घेऊन बसली आणि तिच्या डोळ्यांतून आवाज न करता पाणी यायला लागलं. धाकटा उठला. “वहिनी, मला काय हवं ते बोला,” असं काहीतरी म्हणाला. तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

दादा मात्र आता त्याच्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दादाच्या डोळ्यांत राग आला होता, जुना, भांडखोर दादाचा राग, आणि तो छर्ऱ्यासाठी नव्हता.

“मी नको म्हटलं होतं,” दादा म्हणाला. “तेव्हाही मी बोलत होतो, तू ऐकलं नाहीस. आजही नाही.”

“दादा, मला राहवलं नाही रे.”

“हो,” दादा म्हणाला. “तुला बरं वाटलं ना? जा आता.”